मधलं घर

ज्यांनी मला माझे हात नीट वापरायला शिकवलं, त्यांचे स्वतःचे हात चालत नव्हते. खांदे हलायचे, कोपरातून हात वर यायचा, पण बोटांत जीव नव्हता. घास उचलता येत नव्हता, गालावर बसलेली माशी हाकलता येत नव्हती. मूळचे गढवालकडचे हवालदार. गस्तीवर असताना कड्यावरून पडले आणि मानेचा मणका मोडला. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पलटणीत जो शिकवतो तो उस्ताद, मग तो कवायत शिकवो की हत्यार. त्यांनी आम्हाला खुर्चीत बसायला शिकवलं. वाचणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटेल. ज्याचं कमरेखालचं अंग गेलंय त्याला विचारा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतला नायक. २००४ च्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये रसद घेऊन निघालेली आमची गाडी गोठलेल्या वळणावर घसरली आणि नाल्यात गेली. शुद्ध हरपली नाही. पडल्या जागेवरून मला माझे बूट दिसत होते, पण त्यांत माझे पाय आहेत हे कळत नव्हतं. हेलिकॉप्टर, श्रीनगर, शस्त्रक्रिया, उधमपूर, आणि शेवटी खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, जिथं मणक्याच्या जखमींसाठी वेगळा विभाग आहे. पाठीचा बारावा मणका चेचला होता. डॉक्टरसाहेबांनी खोटी आशा दाखवली नाही, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. पुढं मेडिकल बोर्ड बसलं, नोकरी संपली, आणि हॉस्पिटलमधून मला जवळच असलेल्या सेंटरमध्ये पाठवलं.

त्या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, गोळी कुठं लागली? गावाकडून आलेल्या चुलत्यांनी विचारलं, मित्रांनी विचारलं. गाडी घसरली म्हटलं की समोरचा गप्प व्हायचा, आणि त्या गप्प होण्याची मला लाज वाटायची. कागदावरही माझी नोंद लढाईतला जखमी अशी नव्हती, अपघातातला होती. ही गोष्ट मी उस्तादांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रीढ़ की हड्डी फाइल नहीं पढ़ती, गणपत." फौजेत मराठा जवानाला मायेनं गणपत म्हणतात. ते मला शेवटपर्यंत त्याच नावानं हाक मारत राहिले. आणि खरं होतं ते. आमच्या वॉर्डात गोळीनं जायबंदी झालेले होते, तसेच झाडावरून पडलेले, कमी पाण्यात सूर मारलेले, सुट्टीवर असताना मोटारसायकलवरून उडालेले होते. दर दोन तासांनी कूस सगळ्यांचीच बदलावी लागायची.

आमच्या जिल्ह्याला फौज नवी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांची आठवण गावात दगडावर कोरून ठेवलेली आहे. जे गेले त्यांचं स्मारक होतं आणि ते व्हायलाच हवं. सुट्टीवर धडधाकट आलेल्या जवानाचं कौतुक कसं करायचं हेही गावाला ठाऊक असतं. जो अर्धा परत येतो त्याच्यासमोर मात्र गाव अवघडून जातं. त्याला ओवाळावं की त्याच्यासाठी रडावं, हे कुणाला कळत नाही. मग लोक येतात, चहा घेतात, पायांकडं बघायचं टाळतात आणि उठून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं.

फौजेला हा प्रश्न फार आधी पडला. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावलेले हिंदी शिपाई मुंबईच्या बंदरात उतरू लागले, तेव्हा १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं त्यांना धंदा शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढं ती खडकीला आली आणि आजही तिथं अपंग जवान शिकतात. मणक्याच्या जखमींचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांना धंदा शिकवण्याआधी जगणं शिकवावं लागतं. १९६५ आणि १९७१ च्या लढायांनी अशी किती तरी तरणीताठी माणसं खाटेवर टाकली, आणि १९७४ मध्ये खडकीचं आमचं सेंटर उभं राहिलं. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यापर्यंत गोळ्या झेलून आले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. आता त्यांच्यावर सिनेमा निघाला म्हणून सगळे ओळखतात. माझ्यासारख्या नव्या जखमींना ते नाव वॉर्डातच ऐकायला मिळालं होतं.

तरीही खरं सांगतो, पदकांच्या गोष्टी त्या दिवसांत मला उपयोगी पडल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहणाऱ्या माणसाला हायडेलबर्ग फार लांब असतं. त्याला शेजारच्या खाटेवरचा माणूस लागतो, ज्याच्यावर हेच गुदरलंय आणि जो सकाळी उठून दाढी करतो.

सेंटरमध्ये आल्यावर लवकरच उस्तादांनी त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवली. त्यांची खुर्ची विजेवर चालायची, मनगटाच्या कडेनं ते दांडा ढकलत. त्यांनी विचारलं, "हाथ हैं ना?" मी म्हटलं, "हैं." "तो बैठा क्यों है पत्थर जैसा? उठा अपने आप को." मला कळेना. मग त्यांनी नर्सिंग असिस्टंटला खूण केली. त्यानं माझे दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि म्हणाला, दाब. मी दाबलं. ढुंगण गादीवरून बोटभर वर आलं असेल. दंड थरथरायला लागले. उस्ताद मोजत होते, एक, दो, तीन. दहापर्यंत जायच्या आत मी खाली आदळलो. "ठीक है. पंधरा मिनट बाद फिर."

पंधरा मिनिटांनी ते खरंच आले. त्यानंतरही आले. रोज, दिवसभर. मी चिडायचो, उत्तर द्यायचो नाही, डोळे मिटून घ्यायचो. ते थांबून राहायचे. त्यांच्याकडं वेळ होता, आणि मी उचलल्याशिवाय ते हलत नसत. मी मिनिटभर अधांतरी राहू शकेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

हे का करायचं, तर अंगात संवेदना नसते म्हणून. तुम्ही बसल्या बसल्या नकळत चुळबुळ करता, या मांडीवरून त्या मांडीवर भार टाकता. आम्हाला दुखत नाही, म्हणून आम्ही हलत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून राहते, रक्त पोचत नाही, आणि काही तासांत तिथलं मांस मरायला लागतं. वरून फक्त लाल डाग दिसतो. आत हाडापर्यंत पोकळी झालेली असते. ती भरायला महिने लागतात, आणि कधी माणूसच जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपर्यंत मणका मोडलेली बहुतेक माणसं अशीच जायची, एक तर या जखमांनी नाही तर मूत्रपिंडात जंतू शिरून. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी ठरवलं की हे चालू द्यायचं नाही. रात्र असो की दिवस, दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. त्याच डॉक्टरांनी १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशी आपल्या रोग्यांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा घेतल्या, ज्यातून पुढं पॅरालिम्पिक झालं. हे सगळं मी नंतर वाचलं. उस्तादांना गुटमन ठाऊक नव्हते. त्यांना ती शिस्त ठाऊक होती, कारण तिच्यावरच ते जिवंत होते.

रात्रीची पाळी करणाऱ्या त्या माणसांचं नाव कुठं लागत नाही. थंडीत, कुणी पाहत नसताना, एकेका खाटेपाशी येऊन आमच्या पाठीखाली हात घालून वळवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवायची, टाचा गादीला टेकत नाहीत ना हे बोटांनी चाचपायचं आणि पुढच्या खाटेकडं जायचं. मी जागा असलो तर हळूच म्हणत, "सो जाओ साहब, हो गया." मी नायक, साहेब कधीच नव्हतो. माझ्या टाचा आज शाबूत आहेत त्या त्यांच्यामुळं.

आरसा वापरायलाही तिथंच शिकलो. लांब दांड्याचा आरसा, सकाळ-संध्याकाळ, कुशीवर वळून स्वतःची पाठ आणि बैठक पाहायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर त्या अंगावर बसायचं नाही, मग लग्न असो की मयत. गरम जेवणाचा डबा मांडीवर ठेवायचा नाही. उन्हात तापलेल्या फरशीवर सरकायचं नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असला तर तो दिवसभर कातडी खात राहील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही.

आणि लघवी. या गोष्टी छापायच्या नसतात असं म्हणतात. मला त्या छापायच्या आहेत, कारण आमची माणसं मरतात ती इथं. मूत्राशय भरल्याचं कळत नाही, रिकामं होत नाही, साचलेलं पाणी वर मूत्रपिंडाला चढतं. म्हणून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातानं नळी घालून ते स्वतःच रिकामं करायचं. शौचाची वेळ ठरवून घ्यायची आणि ती मोडायची नाही. हे पहिल्यांदा शिकताना तरण्या माणसाला काय वाटतं हे मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की उस्तादांना हेही स्वतः करता येत नव्हतं, दुसऱ्याच्या हातून करून घ्यावं लागायचं. ते मला म्हणाले, "तू यह खुद कर सकता है. मेरे लिए यही आज़ादी है. तू इसे शर्म बोलता है?" त्या दिवसानंतर मी ती शरम बाजूला ठेवली.

माझी बायको खडकी बाजारात एक खोली भाड्यानं घेऊन राहिली होती. पदरात लहान मुलगी. सकाळी भाकरी-भाजी घेऊन यायची आणि दिवसभर माझं सगळं करायची. पाणी पाजायची, घास भरवायची, टॉवेल द्यायची, चादर नीट करायची. एकदा मी पाणी मागितलं. ती पेला घेऊन उठली, तोच उस्ताद म्हणाले, "बहू, गिलास वहीं रहने दो." पेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर होता. ती माझ्याकडं पाहत उभी राहिली. मला घशाला कोरड पडलेली. मी चाकं ढकलत निघालो, खुर्ची खाटेच्या पायाला अडकली, मागं घेतली, पुन्हा निघालो. टेबलापाशी पोचलो तर चाक आडवं आलं, हात पुरेना. कोन बदलला. पेला हातात आला तेव्हा निम्मं पाणी मांडीवर सांडलं होतं, आणि ते सांडलेलं मला जाणवलंही नाही. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रागानं. त्या माणसाशी ती पुढं कितीतरी दिवस बोलली नाही. निर्दयी आहे म्हणायची.

तिचा राग निवळला तो वेगळ्याच कारणानं. उस्ताद चित्रं काढायचे, दातांत कुंचला धरून. सेंटरमध्ये असे तोंडानं चित्रं काढणारे आणखीही होते. हिला त्यांनी रंगाच्या नळ्या पिळायला सांगितल्या. ती पिळत होती आणि पाहत होती. देवदार, उतरती शेतं, वर बर्फ. एका झाडाला त्यांना सकाळभर लागायचं. मान भरून आली की डोकं मागं टेकवून थांबायचे, पुन्हा सुरू. लाळ गळायची, ती त्यांना पुसता यायची नाही, ती हिनं पुसली. नंतर मला म्हणाली, "अहो, तो माणूस तुमच्या हातांकडं बघतो ना, ते उपाशी माणसानं भरल्या ताटाकडं बघावं तसं बघतो." त्यानंतर मी स्वतःला खुर्चीतून उचलायला कधी कंटाळा केला नाही.

मग तीही शिकली. मला न उचलता फळीवरून खुर्चीत कसं सरकू द्यायचं, तिची स्वतःची कंबर कशी सांभाळायची, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कधी मदत करायची नाही. तिथल्या सिस्टर तिला सांगत, तुम्ही त्यांची बायको राहा, नर्स होऊ नका, नाहीतर दोन वर्षांत दोघंही संपाल. आमच्या घरमालकीणबाईंनी आम्ही तिथं असेपर्यंत भाडं वाढवलं नाही, आणि हिला सेंटरला यायचं असलं की मुलीला आपल्या नातवंडांत सांभाळलं. त्यांचंही देणं माझ्यावर आहे.

मी जेवढा विचार करतो तेवढं मला पटतं, की हॉस्पिटलनं माझा जीव वाचवला आणि घरच्यांनी मला माया दिली, पण या दोघांनाही मला जगायला शिकवता आलं नसतं. हॉस्पिटलला खाट रिकामी करायची असते, पुढचा जखमी दारात असतो. घरच्यांना आपलं माणूस कष्टात पाहवत नाही, म्हणून ते सगळं हातात देतात आणि तो खाटेवरच राहतो. या दोहोंच्या मध्ये एक घर लागतं. तिथं घाई नसते आणि कीवही नसते. तिथं त्याच वाटेवर तुमच्या चार वर्षं, वीस वर्षं पुढं गेलेली माणसं राहत असतात. कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतोय, कुणी विणकामाच्या यंत्रावर बसलाय, कुणी पत्नीशी फोनवर भांडतोय. हे पाहता पाहता माणसाला पुढच्या वर्षाचा विचार सुचायला लागतो. मला तिथं संगणक शिकवला गेला. टायपिंग करताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की तासभर मला माझ्या पायांची आठवण झाली नव्हती.

मला तिथंच राहता आलं असतं. पुष्कळ जण आयुष्यभर राहतात, आणि त्यांनी राहावंच. ज्याच्या गावाला रस्ता नाही, घरी करायला कुणी नाही, मानेपासून खालचं अंग गेलंय, त्याचं तेच घर. उस्तादांचं गाव सडकेपासून वर चढणीवर होतं, आई-वडील गेलेले. मला मात्र त्यांनी राहू दिलं नाही. माझ्या मनात राहण्याचा विचार पक्का होत चालला होता हे त्यांनी ओळखलं. एके दुपारी म्हणाले, "घर में कितनी सीढ़ियाँ हैं?"

मी सांगितलं, ओट्याला तीन पायऱ्या. उंची किती? मला ठाऊक नव्हती. धाकट्या भावाला फोन लावला. तो टेप घेऊन मोजायला गेला आणि ओरडून सांगू लागला: ओटा दोन फूट, दाराची रुंदी सव्वादोन फूट, संडास परसात, त्याचं दार आत उघडतं. उस्तादांनी तोंडात पेन्सिल मागितली. कागद बोर्डाला चिकटवून घेतला. आणि त्यांनी माझ्या साताऱ्याकडच्या घराचा आराखडा काढला, ते घर कधी न पाहता. एक फूट उंचीला बारा फूट उतार, हे प्रमाण त्यांना पाठ होतं. म्हणजे मला चोवीस फूट रॅम्प हवा. अंगण तेवढं लांब नव्हतं. मग त्यांनी रॅम्प बारा फुटांवर शेळ्यांच्या गोठ्यापाशी वळवला, वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा ठेवली. दोन्ही कडांना चार बोटं उंच कठडा, चाक घसरू नये म्हणून. चौकट काढून दार तीन फुटांचं करायचं. संडासाचं दार बाहेर उघडायचं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगानंच अडून बसतं. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी. नळ हाताला येईल असा. फरशी गुळगुळीत नको, शहाबादी खडबडीत चालेल.

तो कागद भावाला पाठवला. आमच्या गावच्या गवंड्यानं तो वाचून विचारलं म्हणे, कुठल्या इंजिनिअरनं काढलाय? भावानं खरं सांगितल्यावर त्या गवंड्यानं मजुरी घेतली नाही. सिमेंट-वाळूचे पैसे तेवढे घेतले. त्या रॅम्पवरून मी घरात गेलो, आजही जातो. गावातल्या म्हाताऱ्या बायकाही ओट्यावर यायला तोच वापरतात.

घरी आल्यावरचे दिवस सोपे नव्हते. अपंगत्वाच्या पेन्शनची फाइल बरीच फिरली. एका कचेरीत काम दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. भावानं आणि चहावाल्या पोरानं मला खुर्चीसकट वर नेलं. २०१६ चा अपंग हक्क कायदा आल्यावरही अशा इमारती जागच्या जागी आहेत. पण फाइल निघाली, थकबाकी मिळाली, आणि त्यातून मी गावात सेवा केंद्र टाकलं. सातबारा, दाखले, पीक विमा, झेरॉक्स.

त्यातलं माझ्या जिवाजवळचं काम वेगळं आहे. आमच्या पंचक्रोशीत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पुष्कळ. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आता तो बोटाच्या ठशावर ऑनलाईन निघतो. पेन्शनचं सगळं ‘स्पर्श’ या प्रणालीवर गेलंय. ऐंशीच्या घरातल्या आजीबाई येतात. पेन्शनच्या कागदावर (पीपीओ) नाव एक, आधारवर दुसरं, माहेरचं तिसरंच. आयुष्यभर भांगलण करून बोटांवरच्या रेघा गेलेल्या, यंत्र ठसा घेत नाही. मग एकेक बोट पुसून, गरम करून, पुन्हा लावायचं. दहावं बोट लागलं तरी चालतं. मी थांबतो. थांबायचं कसं, हे मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांचा चेहरा त्या वेळी माझ्यासमोर असतो.

उस्ताद गेले ते न्यूमोनियानं. मानेला दुखापत झालेल्यांना नीट खोकता येत नाही, कफ साचतो. फोन आला तेव्हा मी केंद्रात होतो. बायकोनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मला खरी बोच आहे ती वेगळ्या गोष्टीची. मला मधलं घर मिळालं, कारण माझ्या अंगावर वर्दी होती. आमच्या शेजारच्या गावात विहिरीच्या कामावर असलेला एक पोरगा क्रेनची दोरी तुटून खाली पडला. मणका मोडला. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, प्लेट बसली, घरी पाठवलं. कुणी आरसा दिला नाही, नळी शिकवली नाही, दोन तासांची गोष्ट सांगितली नाही. आईनं जीव लावून करावं तेवढं केलं. त्याला हलवलं की दुखेल म्हणून तिनं त्याला हलवलंच नाही. मला कळलं आणि मी पोचलो तेव्हा पाठीच्या खाली तळवा मावेल एवढी जखम होती. तो गेला. चोवीस वर्षांचा होता. तो मणक्यानं गेला नाही. दर दोन तासांनी त्याची कूस बदलली गेली असती तर तो आज जिवंत असता, हे मी कुणासमोरही म्हणायला तयार आहे.

तेव्हापासून असा कुणी ऐकू आला की मी जातो. बायको बरोबर असते. रिक्षात खुर्ची घडी घालून टाकतो. ऊसतोडीच्या ट्रॉलीवरून पडलेला एक जण आता स्वतःला खुर्चीतून उचलतो, त्याच्या घरी आम्ही रॅम्पही करून घेतला. त्याच्या आईला हिनं पहिल्याच भेटीत सांगितलं, पाण्याचा तांब्या त्याच्या हातात देऊ नका. त्या बाईनं हिच्याकडं जसं पाहिलं, ते पाहणं आमच्या ओळखीचं होतं.

पण दोन माणसांनी एका रिक्षात किती गावं करायची? खेड्यात माणसं झाडावरून पडतात, विहिरीत पडतात, बैलाच्या धडकेनं पडतात, रस्त्यावर तर रोजच पडतात. माझं सरकारकडं मागणं साधं आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात एक बैठं घर असावं. दहा खाटा, रुंद दारं, रॅम्प, एक फिजिओथेरपिस्ट, रात्री कूस बदलणारी माणसं, आणि पगारावर नेमलेले दोन जुने जखमी, जे तिथंच राहतील. औषधांपेक्षा या दोघांवर खर्च करा. नव्यानं पडलेल्या माणसाला घरच्यासह तिथं काही महिने राहू द्या, आणि त्याचा ओटा मोजून, रॅम्प बांधून झाल्यावरच घरी पाठवा. खडकीनं हे अर्धं शतक करून दाखवलंय, ते पाहायला यावं.

साताऱ्यात असं घर निघालं तर मी तिथं राहायला जाईन, हे मी जाहीरपणे सांगून ठेवतो. सेवा केंद्र भाऊ पाहील, मुलगी आता मोठी झाली आहे. हे बायकोला बोलून दाखवलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एकटे कसे जाल? त्या पोरांच्या आयांना आणि बायकांना कोण शिकवणार? दोन खाटा सांगा."